उपशाच्या मीटरचं बिल तिप्पट आलं, मीटर काढू का?

तुमचं म्हणणं असं की नदीवर साडेसात एचपीची मोटार आहे, उपसा परवाना आहे, पाटबंधारे विभागाने सांगितलं म्हणून पाणी मोजायचा मीटर बसवला आणि आता त्याच मीटरने रब्बीला 31,000 घनमीटर दाखवलंय, शेजाऱ्याचं तेवढ्याच रानाला एक तृतीयांश. 15 दिवसांत भरा नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करू अशी नोटीस आलीय, म्हणून मीटरच काढून टाकायचाय.

काढू नका. बायपास पण टाकू नका. आत्ता तुमची बाजू खरी आहे, मीटरला हात लावला की तुम्हीच छेडछाडीचे आरोपी होता आणि परवाना पण जाऊ शकतो. मीटरच बेकायदा आहे असं भांडायलाही जाऊ नका, पाण्याचे दर ठरवायचा अधिकार 2005 च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला दिलाय आणि घनमीटरवर आकारणी त्यातच बसते. भांडायचं ते रीडिंगवर.

आणि रीडिंग खोटं आहे हे तुमचं लाइट बिलच सांगतंय, विजेच्या मीटरवर घेतलेलं असेल तर (एचपीवर सरासरी असेल तर उपयोग नाही). तुम्ही लिहिलंय हंगामात 2,000 युनिटं, नदीपासून शेत 30 मीटर उंच. एका युनिटमध्ये, काहीही वाया न जाता, 30 मीटरवर साधारण 12 घनमीटर पाणी चढतं, म्हणजे जास्तीत जास्त 24,000, आणि प्रत्यक्षात मोटार, पाइप धरून याच्या निम्म्याच्या आसपास. 31,000 होऊच शकत नाही! माझ्या अंदाजाने फुटव्हॉल्व्हकडे (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) हवा ओढतेय, पाइप पूर्ण भरत नाही किंवा मीटर वाकणाला लागून बसवलाय, अशात मीटर जादा दाखवू शकतो.

हा हिशोब घालून 15 दिवसांच्या आतच कार्यकारी अभियंत्यांना लेखी हरकत द्या, शिक्क्याची पोहोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यात मागा की तुमच्यासमोर मीटरची तपासणी होऊन पंचनामा व्हावा आणि तोवर वसुली थांबवावी. रीडिंग कुणी, कोणत्या तारखेला घेतलं आणि मीटरचा पडताळणी दाखला आहे का, हे माहिती अधिकारात वेगळं मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जेवढं पाणी तुम्हाला मान्य आहे तेवढ्याचे पैसे मात्र "हरकत राखून" असं लिहून भरून टाका, म्हणजे तुमचा हेतू पैसे बुडवायचा नाही हे दिसतं.

अभियंता ऐकत नसेल तर अधीक्षक अभियंत्यांकडे जा. या रीडिंगवरून पुढचा पाण्याचा कोटाच कापला तर तो वाद वेगळा, तो प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याच्या आदेशावर 60 दिवसांत प्राधिकरणाकडे अपील आहे. आणि तहसीलची जप्तीची नोटीस आलीच तर मात्र एक दिवस पण थांबू नका, हरकतीची पोहोच घेऊन वकील गाठा.

आजच मोबाइलवर मीटरचा आकडा, सील आणि पाइपची जोडणी असे फोटो तारखेसकट काढून ठेवा.