अजिंठ्याला परत जा

प्रिय लेकरा,

परवा फोनवर म्हणालीस, "सर, अजिंठा बघितला, पण अंधारात काही दिसलंच नाही." खरंय तुझं. भर मे महिन्यातल्या उन्हातून थेट पहिल्या लेण्यात शिरल्यावर दिसणार तरी काय? डोळ्याला अंधाराची सवय व्हायलाच वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात तू तिसऱ्या लेण्याच्या दारात असशील.

आता एकच लेणं धर, पहिलंच. मागून गर्दी रेटते, थांबू देत नाहीत. हरकत नाही. बाहेर ओसरीत बस आणि गर्दी ओसरली की पुन्हा आत जा. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभी राहिलीस की रंग शोधू नको. आधी मान किती कललीय ते बघ. मग खाली झुकलेल्या पापण्या, मग नाकावर ओढलेला उजळ रंग. तेवढ्या एका पट्ट्यानं नाक भिंतीतून वर आलंय. हातातलं निळं कमळ सगळ्यात शेवटी बघ.

हेच चित्र श्रावणात बघ. खाली वाघूर नदी वाहत असते, घळ हिरवीगार झालेली असते. ती हिरवाई डोळे भरून बघ आणि मग आत जा. तोच गेरू जास्त तांबडा दिसेल. हिरवा रंग बघून दमलेल्या डोळ्याला लाल चढतो. घरी हिरव्या कागदाकडे मिनिटभर टक लाव आणि लगेच पांढऱ्याकडे बघ, गुलाबीसर छटा दिसेल.

त्याच लेण्यात झुंजणारे दोन बैल रंगवलेत. ते बघायला जाण्याआधी पोळा होऊ दे. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळशील, तेव्हा वशिंडापासून मानेपर्यंतचं वळण तळहाताला कळू दे. ज्यानं ते बैल काढले, त्यानंही असा बैल जवळून बघितला असणार, असं मला दरवेळी वाटतं.

सुगीत जाशील तेव्हा चित्र नको, पडलेल्या गिलाव्याची कड बघ. माती, तिच्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तुझी आजी भुसा कालवून भिंत लिंपायची, तसंच की गं हे! बहुतेक रंगही इथल्याच मातीदगडाचे. निळा दगड तेवढा अफगाणिस्तानातून आलेला. पाचव्या शतकातली ही भिंत अजून उभी आहे, हे बघून माझा गळा दाटून येतो.

मोबाइल पिशवीत राहू दे. बाहेर आलीस की वहीत आठवेल तेवढंच काढ. जे आठवणार नाही, ते पुढच्या खेपेला बघायचं.

सोमवारी लेणी बंद असतात. पोळा झाला की मंगळवारी ये, मी लेण्यांजवळच्या फर्दापूरला थांबतो.

तुझे,
ड्रॉइंगचे सर