सस्टेनेबल लँडस्केप आर्किटेक्चर शिकवायचं आणि रिसर्च करायचा तर आधी पीएचडी की आधी प्रॅक्टिस?

तुम्ही विचारलंय की मास्टर्स झालंय, युनिव्हर्सिटीत शिकवायचंय, सस्टेनेबल लँडस्केपवर रिसर्च करायचाय, तर सरळ पीएचडीला लागू की आधी चार-पाच वर्षं ऑफिसात काम करू. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "तसंही डिझाइन हाच रिसर्च असतो ना?" मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलंय की कुठेही दिसलं तरी माझं डोकं फिरतं. तुमचा दोष नाही.

आधी तुमचा प्रश्न उरकते. दोन्ही लागतं. आधी काय करायचं ते कुठे शिकवायचंय त्यावर आहे. अमेरिकेत एमएलए, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चरचं मास्टर्स, हीच बराच काळ शेवटची डिग्री धरली जायची, म्हणून चांगली प्रॅक्टिस केलेली माणसं थेट स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, घ्यायला येत. आता रिसर्चवाल्या बऱ्याच युनिव्हर्सिटीज कायम पदाला पीएचडी मागतात, पाचसहा जाहिराती वाचल्या की अंदाज येईल. झालं.

आता ते वाक्य.

मला शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं. स्टुडिओत पोरांना विषय दिला, आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगचं पाणी. डांबरावरचं पाणी गटारात न जाता कडेच्या वाफ्यात शिरेल, तिथे १५ सेंटिमीटरपर्यंत साठेल आणि दोन दिवसांच्या आत जिरेल, थोडक्यात रेनगार्डन. पोरांनी जीव तोडून ड्रॉइंगं काढली, डिपार्टमेंटने पैसे दिले, कॉन्ट्रॅक्टरने बांधलं, फोटो निघाले. काय फोटो होते! आमचे एक ज्येष्ठ सर होते, त्यांनी ते फोटो जिथे तिथे दाखवले आणि खाली एक ओळ, की पार्किंगचं सगळं पाणी ही बाग जिरवते. हे कोणी मोजलं होतं? कोणीच नाही. मीही नाही, आणि तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं हे कबूल करते.

दोनेक वर्षांनी एकदा पाऊस लागला म्हणून मी बिल्डिंगच्या दारात अडकले होते. कर्बच्या, म्हणजे डांबराच्या काठच्या उंच कडेच्या, बाजूने पाण्याची धार चालली होती आणि त्यावर एक वाळलेलं पान तरंगत येत होतं. वाफ्यात पाणी शिरावं म्हणून कर्बमध्ये फट ठेवली होती, तिच्यासमोर ते पान आलं, गिरकी घेतली, आणि सरळ पुढे जाऊन गटाराच्या जाळीत पडलं. मागून दुसरं आलं, तेही तसंच. मी छत्री उघडून तिथे जाऊन बसलेच. वाफ्यातली माती आणि वरचं मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा पालापाचोळ्याचा थर, मिळून डांबरापेक्षा दोन बोटं वर होतं. पाणी काय चढ चढून आत जाणार होतं का? ड्रॉइंगमध्ये त्या फटीतून एक सुंदर निळा बाण आत जात होता. बाणाच्या अलीकडे पलीकडे एकही लेव्हल, म्हणजे कुठली जागा किती उंचीवर, लिहिलेली नव्हती. ड्रॉइंग तपासल्याची सही माझी.

पाऊस उघडल्यावर मी दोन रिंगा घेऊन वाफ्यात उतरले. एक ३० सेंटिमीटरची, तिच्याभोवती ६० ची, दोन्ही मातीत ठोकायच्या आणि दोन्हीत पाणी भरायचं. बाहेरच्या रिंगेतलं पाणी आजूबाजूला पसरतं, त्यामुळे आतलं सरळ खाली जातं, आणि ते किती उतरलं ते पट्टीवर वाचायचं. अर्ध्या तासात जेमतेम १ मिलिमीटर. हिशोब करा, १५ सेंटिमीटर जिरायला तीन दिवसांच्या वर. कडेला एक जुनं झाड होतं, बांधकामात तिथे कोणी फिरकलं नव्हतं, तिथे त्याच रिंगेत मी पाणी ओतते न ओतते तोवर संपत होतं. वाफ्यात मग पहार मारली तर वीतभर खाली ठणकन आवाज. बांधकाम चालू असताना नेमक्या त्याच जागी रोलर उभा राहायचा आणि खडीचा ढीग पडायचा, मग वरून चांगली माती टाकून झाडं लावली. खाली सगळं दडपलेलं.

आणि गंमत बघा, पाणी आत शिरतच नव्हतं, म्हणून माती पाणी जिरवत नाही हे कधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या. झाडं मग जगली कशावर? नळाच्या पाण्यावर. ठिबक चालू होतं रोज. पावसाच्या पाण्यासाठी केलेली बाग नळावर हिरवीगार, आणि तोच हिरवा रंग फोटोत.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, हा मेंटेनन्सचा प्रॉब्लेम आहे, माळ्याने मल्च जास्त टाकलं." मी माळीमामांना विचारलं. त्यांनी कपाटातून आमचीच शीट काढून माझ्यापुढे धरली, त्यावर आमचीच ओळ, दर वर्षी ८ सेंटिमीटर मल्च घालणे. जुनं काढा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी अक्षरशः लिहिल्यासारखं केलं होतं, आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये ते ड्रॉइंग नीट वाचलेला तो एकटा माणूस असावा. मी हे सगळं लिहून काढलं, आकडे, फोटो, पानाचा किस्सासुद्धा, म्हटलं पेपर करू. ते टिपण सरांच्या टेबलावर एक अख्खं सेमिस्टर पडून होतं. मग उत्तर आलं की घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला, आणि तसंही डिझाइन हाच रिसर्च असतो, बांधून दाखवलं यातच सगळं आलं.

नाही आलं! बांधणं हा प्रश्न विचारणं झालं, उत्तर पावसाळ्यानंतर मिळतं. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इयन मॅकहार्ग यांनी माती, पाणी, उतार, झाडोरा यांचे नकाशे एकावर एक ठेवून जागा कशाला योग्य ते ठरवायला शिकवलं, ते आपण सगळे आजही शिकवतो. पण ते जागा निवडण्यापुरतं. बांधल्यानंतर तीच जागा कशी वागते याचे थर कोण काढणार? सिंगापूरच्या बिशान पार्कचं उदाहरण सगळे देतात, २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा सरळ कालवा काढून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ ला खुलं झालं वगैरे. स्लाइडवर हिरवळ दिसते. मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की मुख्य नदीला हात लावायच्या आधी त्यांनी बाजूच्या छोट्या नाल्यावर झाडांनी आणि दगडांनी काठ धरून ठेवायच्या दहाएक पद्धती लावून बघितल्या, कुठली टिकते ते पाहिलं, मग पुढे गेले. याला रिसर्च म्हणतात. उलट दक्षिण कोरियात सोलमधला चोंगेचोन ओढा घ्या. वरचा हायवे पाडून २००५ मध्ये प्रवाह मोकळा केला, आसपासची हवा थंड झाली, माणसं येऊन बसतात, हे सगळं खरं. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने येतं, रोज साधारण १,२०,००० टन. मी हे पोरांसमोर टाकते आणि विचारते, सस्टेनेबल म्हणायचं का? दोन तास भांडतात. भांडू देत. देशी झाडं लावली की झालं असं समजणाऱ्या पोरांना मी त्यांच्याच ड्रॉइंगमधलं काँक्रीट मोजायला लावते, कारण जगभर माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटचा, आणि यांच्या "इकोलॉजिकल" प्लाझात झाडांपेक्षा बाकडीच जास्त असतात.

तर प्रॅक्टिस करा, पण कशासाठी? पोर्टफोलिओसाठी नको. साइटवर रोलर कुठे उभा राहतो ते बघायला. दोन वर्षं पुरतील, पण त्यात एक तरी काम असं धरा की ते हँडओव्हर झाल्यावरही तुम्ही स्वतःच्या वेळात तिथे पावसात जाऊन उभे राहाल. बहुतेक ऑफिसांना याचे पैसे मिळत नाहीत म्हणून ती परत जात नाहीत, युनिव्हर्सिटीला मात्र ते परवडतं, दर वर्षी नवी पोरं येतात आणि जागा तिथेच असते. पीएचडीला गाइड निवडताना त्यांना एवढंच विचारा, तुमचं फसलेलं काम कुठलं. सांगितलं तर तिथे जा. विषय बदलला तर उठा. पीएचडीची तीन-चार वर्षं झाडांच्या मानाने काहीच नसतात, त्यामुळे स्वतःची बाग बांधून मोजायच्या फंदात पडू नका, आठदहा वर्षांपूर्वी कोणीतरी बांधलेली शोधा आणि ती मोजा.

हे सगळं मी पाणी आणि माती यात काम करते म्हणून लिहिलंय. तुमचा विषय इतिहास, थिअरी किंवा लोकांचा सहभाग असेल तर रिंगा ठोकून काही हाती लागणार नाही, तिथल्या लोकांना विचारा. डिझाइनमधून रिसर्च करणारी काही माणसं खरंच शिस्तीने करतात, आधी प्रश्न लिहितात, पर्याय करून तपासतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आणि सर वाईट माणूस नव्हते, मला नोकरीत घेतलं ते त्यांनीच, स्टुडिओत पेन्सिल हातात घेऊन लेव्हल समजावायला लागले की बघत राहावं असं. म्हणून जास्त राग येतो.

बागेचं विचाराल तर ती फट आता ५ सेंटिमीटर खाली घेतलीये, खालची माती उकरून कंपोस्ट मिसळलंय, मल्चची ओळ माळीमामांनी स्वतः दुरुस्त करून घेतली. पहिल्या वर्षाच्या पोरांना रिंगा मीच देते. सर रिटायर झाले, त्यांचा स्लाइडशो अजून ओरिएंटेशनला दाखवतात, खालची ओळ तीच. त्याच्या पुढे रिंगांच्या मोजणीचा माझा आलेख लावा म्हणून मी दर वर्षी मेल करते. यंदाचा अजून करायचाय.