मेलबॉक्समधली चिठ्ठी आणि खालच्या मजल्यावरच्या आजी

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. एप्रिलमध्ये तुम्ही मिस्टर आणि मुलासह टोकियोत निशी-कासाईला राहायला आलात. कचरा नेणारे तुमची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडून गेले. शेजारणीला चहाला बोलावलंत, ती "चोत्तो..." म्हणून हसली आणि आलीच नाही. आणि परवा मेलबॉक्समध्ये बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीची आवाजाबद्दलची चिठ्ठी आली. "आम्ही यांना नकोसे झालोय का?" असं तुम्ही विचारलंय.

नाही झालात. मी सप्टेंबर २०१० मध्ये याच भागात आले, कडेवर दीड वर्षाची मुलगी घेऊन. यातल्या तिन्ही गोष्टी माझ्याही वाट्याला आल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिठ्ठीचं आधी, कारण तीच जास्त लागली असणार. तिच्यात तुमचं नाव नाही, फ्लॅटचा नंबर नाही. "रहिवाशांनी कृपया आवाजाची काळजी घ्यावी" एवढंच, आणि तेही सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये. समोर येऊन बोलायचं सोडून हे काय, असं तुम्हाला वाटलं. आपल्याकडे त्रास झाला तर माणूस जिना चढून येतो, बेल वाजवतो, चार शब्द बोलतो आणि प्रकरण तिथेच मिटतं किंवा तिथेच पेटतं. इथे नाव न घेणं ही तुम्हाला दिलेली सवलत आहे. तोंडावर कोणी काही बोललेलं नाही, त्यामुळे उद्या लिफ्टमध्ये भेट झाली तर कोणालाच नजर चुकवावी लागत नाही. सुधारायला जागा ठेवलेली आहे, असं समजा.

मला अशी चिठ्ठी डिसेंबरमध्ये आली. सकाळी साडेसहाला डब्यासाठी खोबऱ्याची चटणी मिक्सरमध्ये फिरायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि लेक लाकडी फरशीवर टाचा आपटत पळायची. मी दोन दिवस रडले. मग ऑफिसमधल्या एका जपानी मैत्रिणीने विचारलं, "राहायला आलात तेव्हा आइसात्सुला गेला होतात का?" आइसात्सु म्हणजे भेटून नमस्कार करणं. नवीन घरात आलं की डावी-उजवीकडचे, वरचे आणि खालचे, यांच्या दारी जाऊन आपण कोण ते सांगायचं आणि एक छोटी भेट द्यायची: टॉवेल, कपडे धुण्याची पावडर, बिस्किटांचा डबा. आता शहरात बरेच जपानी लोकही हे करत नाहीत, एकट्या राहणाऱ्या मुली तर सुरक्षिततेसाठी मुद्दाम टाळतात. पण घरात लहान मूल असेल तर अजूनही जावं, असं माझं ठाम मत आहे.

मी तीन महिने उशिरा गेले. शनिवारी सकाळी अकराला, मुलीला कडेवर घेऊन. खालच्या दारात सत्तरीच्या आजी आल्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "इत्सुमो उरुसाकु शिते, सुमिमासेन." नेहमी आमचा आवाज होतो, माफ करा. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे, आणि म्हणाल्या, "ओतागाई-सामा देस." हा शब्द लक्षात ठेवा. याचा अर्थ त्रास तुमचा आम्हाला, तसा आमचाही तुम्हाला, दोघांचं सारखंच. तक्रार त्यांनी केली होती की आणखी कोणी, हे मला आजतागायत माहीत नाही. मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

त्यानंतर आवाज बंद झाला का? नाही. मूल ते मूलच. मी जाड चटई घातली, मिक्सर टॉवेलच्या घडीवर ठेवून आठनंतर लावायला लागले, पण पळणं चालूच राहिलं. फरक एवढाच पडला की त्या आवाजाला आता एक चेहरा होता.

आणि मग ११ मार्च २०११ आला. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला जमीन हलायला लागली आणि थांबेचना. नवरा शहरात ऑफिसात, गाड्या बंद, फोन लागेना. मी मुलीला घेऊन टेबलाखाली बसले होते. हादरे जरा थांबले तेव्हा दारावर थाप पडली. खालच्या आजी टॉर्च घेऊन वर आल्या होत्या. वरच्या घरात एक परदेशी बाई लहान मुलीबरोबर एकटी असते, हे त्यांना माहीत होतं, कारण डिसेंबरमध्ये मी ते सांगून आले होते. संध्याकाळी गॅस लागेना, दूध गरम करायचं होतं. त्यांनी मला बाहेर मीटरपाशी नेलं. मोठ्या भूकंपात मीटर आपोआप गॅस तोडतो आणि त्यावर लाल दिवा लुकलुकत राहतो. आधी घरातल्या शेगड्या बंद आहेत ना ते बघायचं, मग मीटरवरचं बटण दाबायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. आम्ही दोघी थंडीत त्या दिव्याकडे बघत उभ्या राहिलो. तो विझला तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. नवरा चालत चालत मध्यरात्रीनंतर घरी पोहोचला.

म्हणून या रिवाजाला मी शिष्टाचाराचं ओझं म्हणत नाही. किती अंशात वाकायचं, व्हिजिटिंग कार्ड कसं धरायचं, याची भीती घालणारे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत असं लिहिलंय. ते राहू द्या. कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाचा, मागच्या खिशात कोंबू नका, बस झालं. खरं जे लागतं ते दोन ठिकाणी लागतं: एखादी गोष्ट करण्याआधी सांगणं आणि झाल्यानंतर आठवण ठेवणं.

आधी सांगणं म्हणजे असं. गणपतीला पंधरा माणसं येणार असतील तर दोन दिवस आधी खाली सांगून या, "शनिवारी पाहुणे येणार आहेत, नऊपर्यंत आवाज होईल." मग नऊला खरंच संपवा. शाकाहारी असाल तर ऑफिसच्या जेवणाचं टेबल बुक होतानाच सांगा. ताटावर बसून सांगितलंत तर यजमानाची पंचाईत होते. इथल्या बहुतेक रश्श्यांमध्ये दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असतं आणि ते बरेचदा सुकवलेल्या माशाचं असतं, त्यामुळे "मांस नको" एवढ्याने भागत नाही. मासा आणि माशाचं पाणीही नको, असं स्पष्ट म्हणावं लागतं. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी आधी कळवा. उशीर एक वेळ खपतो, न कळवणं खपत नाही.

नंतरची आठवण आपल्या लोकांकडून जास्त राहून जाते, कारण आपण घरच्या माणसाला "आभार" म्हटलं तर ते उलट परकेपणाचं वाटतं. इथे आभार दोनदा मानतात. एकदा त्याच वेळी आणि एकदा पुढच्या भेटीत: "सेन्जित्सु वा, आरिगातो गोझाइमाशिता." त्या दिवशीबद्दल आभार. हे दुसरं राहिलं तर कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात नोंद होते. वस्तूंचंही तसंच. मी आजींना स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू दिले, तर चार दिवसांनी डबा संत्र्यांनी भरून परत आला. माझी आजीसुद्धा शेजारचा डबा कधी रिकामा परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण त्यात एक खाचही आहे. इथे मिळालेल्या भेटीची परतफेड करायची असते, साधारण निम्म्या किमतीची, म्हणून महागडी भेट दिलीत तर समोरच्यावर भार पडतो. पहिल्या भेटीला ५०० ते १००० येनच्या आतलं, पाकीटबंद आणि टिकाऊ काहीतरी न्या. घरचे लाडू ओळख झाल्यावर.

आता कचरा. ती पिशवी कोणी रागाने सोडलेली नाही. स्टिकरवर ती का नेली नाही ते छापलेलं असतं, फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. बहुतेक वेळा वार चुकलेला असतो किंवा जळणाऱ्या कचऱ्यात बाटल्या-डबे गेलेले असतात. वॉर्ड ऑफिसमधून वेळापत्रक घ्या, ते इंग्रजीतही मिळतं. पिशवी त्या दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायची, आदल्या रात्री नाही, आणि वरून जाळी नीट ओढायची, नाहीतर कावळे सगळं रस्त्यावर पसरतात. पेट (प्लास्टिकच्या) बाटलीचं झाकण आणि लेबल काढून ती विसळायची. दिवाळीत चकल्यांचं तेल उरलं तर ते सिंकमध्ये ओतू नका. तेल गोठवणारी पावडर दुकानात मिळते, ती घालून वडी झाली की जळणाऱ्या कचऱ्यात टाका. परत आलेली पिशवी मात्र आजच उचलून घरात आणा. ती तिथे पडून राहिली तर मागे कोणीतरी ती आवरणारं असतं, आणि बहुधा वयस्कर असतं.

"चोत्तो..." म्हणजे शब्दशः "जरा...". वाक्य पुढे जात नाही आणि तोच नकार असतो. आपण नाही का म्हणत, "बघू, जमलं तर येते"? ते ऐकून कोणी पातेलं चढवत नाही. शेजारणीने तुम्हाला नाकारलेलं नाही, घरात येणं नाकारलंय. इथे लोक एकमेकांच्या घरी सहसा जात नाहीत. तिला दोन महिने नुसतं "ओहायो गोझाइमास" (सुप्रभात) म्हणत राहा. माझी सगळ्यात जवळची मैत्री बागेतल्या झोपाळ्यापाशी झाली, घरात नाही.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, की जपानी सहकारी मीटिंगमध्ये "हाइ, हाइ" म्हणतात आणि नंतर काम होत नाही. ते "हाइ" होकाराचं नसतं, हुंकार असतो. आपण गोष्ट ऐकताना "हं, हं" करतो ना, तसं. त्याला इथे आइझुची म्हणतात. लोहारकामात दोघांनी आळीपाळीने घण घालायचा, त्यावरून आलेला शब्द. होकार हवा असेल तर शेवटी ईमेलवर काम आणि तारीख लिहून विचारा. आणि फोनवर बोलताना त्यांनीही तो हुंकार द्यायला शिकावं, नुसती शांतता समोरच्याला अस्वस्थ करते.

जेवणाच्या काड्यांबद्दल दोनच गोष्टी: भातात उभ्या रोवू नका आणि काडीतून काडीत घास देऊ नका. पहिलं मृताच्या भातावर करतात, दुसरं दहनानंतर अस्थी उचलताना. पिंडाचा भात ज्याने पाहिलाय त्याला यापुढे समजावावं लागत नाही.

एक गोष्ट लपवत नाही. घर बदलायला निघालात की "परदेशी नकोत" हे वाक्य कानावर येईल. मी दोनदा ऐकलंय. तो भेदभाव आहे आणि तुमच्या नम्रतेत काही कमी पडलं म्हणून तो होत नाही, तेव्हा त्यासाठी स्वतःला तपासत बसू नका. निशी-कासाई ज्यात येतं त्या याच एदोगावा वॉर्डात एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपल्या मातीतले गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले, हेही इथलंच वास्तव आहे.

या शनिवारी खाली जा. साडेदहा-अकराला, जेवणाच्या वेळी नको. मुलाला बरोबर न्या. माफीचं वाक्य वर दिलंय, त्यापुढे एवढंच जोडा: "नानिका आरिमाशितारा, इत्ते कुदासाइ." काही असेल तर सांगा. दार उघडलं नाही तर परत परत बेल वाजवू नका. भेटीची पिशवी दाराच्या मुठीला अडकवा आणि आत नाव, फ्लॅट नंबर आणि या दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. जपानी लिपीत हवी असेल तर इथेच सांगा, आज रात्री लिहून देते.