वाचकांचे प्रश्न: स्लॅब सेरिफची जाड अक्षरं

प्रश्न (सातारा): नाट्यस्पर्धेच्या पोस्टरवर इंग्रजी नाव ‘अल्फा स्लॅब वन’मध्ये घेतलं. आणखी उठाव यावा म्हणून बोल्ड केलं, तर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये स्मॉल ए आणि ई भरून काळे ठोकळे झाले. चूक आमची की छापणाऱ्याची?

चूक बोल्डच्या बटणाची. हा स्लॅब सेरिफ, म्हणजे टोकांना जाड पट्ट्या असलेला फाँट. त्याला एकच वजन (रेघांची जाडी) आहे आणि ते आधीच टोकाचं आहे. त्याहून जाड रूप फाइलमध्ये नसतंच, त्यामुळे सॉफ्टवेअर अक्षराच्या कडा फुगवून खोटं बोल्ड बनवतं. कडा बाहेर सरकतात तशा आतही सरकतात, आणि या अक्षरांच्या पोटात मुळातच फटीएवढी जागा. उरलीसुरली फट पसरलेल्या शाईने बुजवली.

बोल्ड काढा. उठाव हवा असेल तर आकार वाढवा आणि भोवतीचा मजकूर मागे हटवा. 24 पॉइंटच्या खाली हा फाँट वापरूच नये, असं आमचं मत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोडलीत तर उलट फायदाच होतो: तिथे पोटातच शाई असते, ती थोडी पसरली तरी फट बुजत नाही. जाड रेघा किंचित बारीक होतात, पण त्यांना ते सोसतं.

अक्षरांमधल्या अंतराकडेही बघा. स्लॅब म्हणजे खांबाच्या (अक्षराच्या उभ्या रेघेच्या) टोकाची जाड आडवी पट्टी. शेजारशेजारच्या दोन एचच्या पट्ट्या कुठे चिकटल्या, कुठे केसभर सुटल्या, तर ती छपाईची चूक वाटते. एक तर सगळ्या चिकटवा, नाहीतर सगळ्या स्पष्ट सुट्या ठेवा. एलपाठोपाठ ए आला की दोघांचे पाय आडवे येतात. तिथली पोकळी कर्निंगने, म्हणजे त्या दोन अक्षरांमधलं अंतर कमी करून, पुरती भरत नाही. अशा वेळी बाकीची अक्षरं थोडी सैल करणं सोपं.

प्रश्न (पुणे): अशा इंग्रजी अक्षरांशी जुळणारा देवनागरी फाँट कोणता? काही ठिकाणी देवनागरीच्या कान्यालाही खाली पट्टी लावलेली दिसते.

ती पट्टी लावू नका. कान्याच्या पायथ्याशीच उकार, ऊकार आणि हलन्त बसतात. ‘पुरुष’ लिहून बघा, पट्टी आणि उकार एकमेकांच्या अंगावर येतात. शिवाय शिरोरेषा ही आयती आडवी पट्टी आहेच. खालीही दुसरी दिली की शब्द पिंजऱ्यात कोंडल्यासारखा दिसतो.

जुळवायचं ते वजन. इंग्रजी खांबाची जाडी आणि कान्याची जाडी डोळ्यांना सारखी वाटली पाहिजे. रॉकवेल या स्लॅब फाँटच्या बोल्डबरोबर देवनागरी ‘मुक्ता’चं एक्स्ट्राबोल्ड चांगलं चालतं, कारण दोन्हींत रेघेची जाडी फारशी कमीजास्त होत नाही. ‘रोझा वन’ देखणा आहे, पण त्यात जाड-बारीक रेघांचा फरक फार. तो स्लॅबशेजारी परका वाटतो. ‘यात्रा वन’ रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलेला, त्याला कुंचल्याचं वळण आहे. तो एकटाच शोभतो.

इंग्रजी सगळं कॅपिटलमध्ये असेल तर कॅपिटलचा माथा शिरोरेषेच्या वरच्या कडेला लावा आणि पाया कान्याच्या पायाशी. दोन्हींचा पॉइंट साइज त्यासाठी वेगळा ठेवावा लागतो, त्यात गैर काही नाही. ओळींमधल्या अंतराचं मात्र इंग्रजीचं गणित मराठीला लावू नका. कॅपिटलच्या दोन ओळी अक्षराच्या पॉइंट साइजइतक्याच अंतरावर बसतात. देवनागरीला सव्वापट ते दीडपट लागतं. वरच्या ओळीत ‘कर्तृत्व’ आणि खालच्या ओळीत ‘मूर्तीं’ ठेवून पाहा. ऋकार आणि रफार-वेलांटी भिडले नाहीत, तर बाकी काही भिडणार नाही.

प्रश्न (नाशिक): दुकानासाठी 10 मिमी अॅक्रिलिकची सुटी अक्षरं राउटरवर (फिरत्या पात्याच्या कापयंत्रावर) कापून घ्यायची आहेत. रॉकवेल घ्यावा की क्लॅरेंडन?

क्लॅरेंडन. राउटरचं पातं गोल फिरतं, त्यामुळे 3 मिमीचं पातं आतल्या प्रत्येक कोपऱ्यात 1.5 मिमी त्रिज्येची गोलाई सोडतं. रॉकवेलची पट्टी खांबाला काटकोनात मिळते, तिथे ही गोलाई डोळ्यांत खुपते. क्लॅरेंडनमध्ये पट्टी आणि खांब मुळातच वळणाने जोडलेले असतात, त्यात ती लपून जाते. रॉकवेलच हवा असेल तर लेझरवर कापा.

अक्षराच्या पोटातली सर्वांत अरुंद फट मोजा. ती 3 मिमीहून कमी असेल तर हे पातं तिथे शिरणारच नाही. उंचीचा ढोबळ हिशेब दर 10 फुटांना 1 इंच: समोरचा फूटपाथ 60 फुटांवर असेल तर 6 इंच. मराठी अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली मोजा, मात्रा धरू नका. फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं नुसत्या आकारांत रूपांतर करा. नाहीतर कापणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला तर भलताच येतो.

प्रश्न (बेळगाव): या अक्षरांना ‘इजिप्शियन’ का म्हणतात?

फॅशन म्हणून. नेपोलियनची 1798ची मोहीम झाल्यावर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं. लंडनच्या टाइप ओतणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने हे वळण आधी ‘अँटिक’ नावाने विकलं. 1821मध्ये विल्यम थोरोगुडने तशा अक्षरांना ‘इजिप्शियन’ म्हटलं. गोंधळ असा की 1816मध्ये विल्यम कॅस्लन चौथा याने हेच नाव पट्टी नसलेल्या अक्षरांना दिलं होतं. क्लॅरेंडन त्यानंतरचा, 1845चा.

प्रश्न (पणजी): अल्फा स्लॅब वन दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर वापरला तर पैसे द्यावे लागतील का?

नाही. तो खुल्या परवान्याचा आहे. विक्रीच्या अंकावर, लोगोतही चालतो. फक्त नुसती फाँटची फाइल विकता येत नाही. रॉकवेलसाठी मात्र मोनोटाइप या फाँट कंपनीचा परवाना लागतो.