पोथीतला तो कागद आधी बाहेर काढा

पत्र थोडक्यात असं: "वय 72. हे गेल्यावर तीन वर्षांपूर्वी माझ्या नावावरचा राहता फ्लॅट बक्षीसपत्राने मुलाला दिला. आता माझा पलंग मागच्या अडगळीच्या खोलीत. फ्रिजला कुलूप, गॅसला हात लावायचा नाही. बीपीच्या गोळ्या मागितल्या की सून घालूनपाडून बोलते. मुलगा मनाने चांगला आहे, पण तिच्यापुढे त्याचं चालत नाही. सहीच्या दिवशी माझ्या समाधानासाठी त्याने शंभराच्या स्टँपवर लिहूनही दिलं होतं की शेवटपर्यंत सांभाळीन. पोथीत असेल तो कागद. आता वृद्धाश्रमात नाव घालावं म्हणते. कुठला चांगला?" – एक आई, सांगली

ताई, वृद्धाश्रमाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही आपणहून बाहेर पडलात की "आई स्वतःच्या मर्जीने गेली" असं म्हणायला तुमचा मुलगा मोकळा. घर सोडू नका.

पत्रभर तुम्ही सुनेबद्दल लिहिलंत आणि तो कागद एका ओळीत उरकलात. सुनेने तुम्हाला काहीच लिहून दिलेलं नाही. सही तुमच्या लेकाची आहे, फ्लॅटही त्याच्याच नावावर आहे. औषधासाठी आईला हात पसरावा लागतो हे रोज बघून जो गप्प बसतो, त्याला मी चांगल्या मनाचा म्हणणार नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. या कायद्याखाली तुम्ही जो अर्ज कराल, त्यात समोरचा पक्ष म्हणून नाव मुलाचंच घाला. इथेच बहुतेक आयांचा हात अडतो.

आता त्या कागदाचं मोल ऐका. याच कायद्याचं कलम 23 सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. पण अट होती हे दाखवावं लागतं. आई-मुलाचं नातं आहे म्हणजे अट होतीच, असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडच्या छापील बक्षीसपत्रांत तर "प्रेमापोटी, विनामोबदला" एवढंच असतं, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच कोसळतात. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईकडे मात्र बक्षीसपत्राखेरीज मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. उच्च न्यायालयात ती हरली, पण जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबाही तिला परत द्यायला सांगितलं. तुमच्या पोथीत तेच आहे.

कागद काढा आणि उलटा करा. मागे स्टँप विक्रेत्याचा शिक्का असतो: अनुक्रमांक, तारीख, कुणाच्या नावे घेतला ते. ती तारीख बक्षीसपत्राच्या आसपासची असेल तर दोन्ही दस्त एकाच बोलणीतले हे दाखवणं सोपं जातं. दोन्ही बाजूंचे फोटो, तीन झेरॉक्स. लॅमिनेशन करू नका. मूळ प्रत त्या घरात ठेवू नका, बहिणीकडे किंवा भावाकडे द्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची नक्कल आणि सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा) काढून घ्या.

मग प्रांत कार्यालय. उपविभागीय अधिकारी हेच या कायद्याखालचं न्यायाधिकरण. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही. जाववत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज करू शकते. पहिल्या परिच्छेदात अट, तो कागद आणि त्याची तारीख. फ्रिजचं कुलूप आणि गोळ्या दुसऱ्यात, चार ओळींत. मागण्या स्पष्ट लिहा: बक्षीसपत्र रद्द करा, ताबा द्या, निर्वाहभत्ता द्या, निकाल लागेपर्यंत अंतरिम भत्ता द्या, आणि तोवर फ्लॅट विकायला किंवा गहाण टाकायला मनाई करा. ही शेवटची मागणी लोक विसरतात, आणि नोटीस मिळाल्यावर फ्लॅट तिसऱ्याच्या नावावर झालेला असतो. भत्त्याच्या अर्जाला नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांची मुदत कायद्यात आहे, तरी तारखा पडतात; प्रत्येक तारखेला कुणाला तरी सोबत न्या. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मध्ये समेटाचं बोलणं निघेल. मुलगा डोळ्यांत पाणी आणून "आता सांभाळतो" म्हणेल. तुम्ही विरघळाल, म्हणून आत्ताच सांगते: फ्लॅट तुमच्या नावावर परत आल्याशिवाय अर्ज मागे घ्यायचा नाही. त्याचा शब्द तुम्ही तीन वर्षं भोगलात.

अंगावर हात उगारला तर 112. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर 14567, ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

गोळ्या आजच शेजारणीकडून मागवा. आणि कागद सापडला की मागची तारीख मला कळवा.