प्रश्न तुमचे: पियानोच्या साथीला यमन

प्रश्न : पुण्यात ख्याल शिकून आता टोरांटोत राहते. पट्टी काळी चार. इथल्या जॅझ वादकांबरोबर (पियानो, बास, ड्रम्स) यमनातली तीनतालाची बंदिश बसवते आहे. यमन मध्येच बिघडतो आणि माझा गंधार उतरलेला वाटतो. काय चुकतंय?

उत्तर : गंधार तुमचा उतरलेला नाही, पियानोचा चढलेला आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो, पियानोचा ४०० वर. शुद्ध निषादातही सुमारे १२ सेंटांचा फरक पडतो. पंचमात मात्र जेमतेम २, ऋषभात ४. म्हणून आलापात आणि लांबवलेल्या स्वरांखाली पियानोवर फक्त सा, रे, प असू द्या. गंधार-निषाद तुमच्याकडे ठेवा.

यमन बिघडतो त्याचं कारण वेगळं. जॅझवादकाचा हात सवयीनं एका ठरावीक वाटेनं जातो. तुमच्या पट्टीत (काळी चार, म्हणजे सा = ए फ्लॅट) ती वाट अशी: बी फ्लॅट मायनर, ई फ्लॅट सेव्हन, मग ए फ्लॅट. पहिल्या दोन्ही कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत) डी फ्लॅट आहे, म्हणजे तुमचा शुद्ध मध्यम; यमनाला तर तीव्र मध्यम लागतो. तिथेच यमन संपला. त्याऐवजी बी फ्लॅट मेजर मागा. त्यात रे, तीव्र मध्यम आणि धैवत येतात. ई फ्लॅटचा साधा कॉर्ड चालेल, सेव्हन नको. बासवादकानं षड्ज धरून ठेवायचा. तो फिरत राहिला की ऐकणाऱ्याच्या कानातला सा हलतो, मग गायिका कितीही सुरेल असो.

ड्रमरला तीनताल चार-चार मात्रांचे चार बार म्हणून लगेच कळेल, ‘खाली’ (तालाचा टाळी नसलेला भाग) मात्र सांगावी लागेल. ठेक्यातल्या १० ते १३ या मात्रांवर (तिं तिं ता ता) पायाचा ड्रम बंद, १४व्या धिंला परत चालू. एवढं केलं तरी सम (पहिली मात्रा) येताना दिसते.

खरं तर सुरुवात हंसध्वनी रागानं करा. त्यात मध्यमच नाही, त्यामुळे सा-ग-प आणि प-नी-रे हे दोन कॉर्ड निर्धास्त वाजतात. दरबारी किंवा तोडी पियानोबरोबर घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांतला आंदोलित (झुलता), अतिकोमल गंधार पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाही. ‘शक्ती’ या फ्युजन बँडसाठी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी गिटारचा फिंगरबोर्डच कोरून घेतला, तरफा (आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा) बसवल्या, तेव्हा मिंडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याला) वाव मिळाला.

रोजचा रियाज फक्त तानपुऱ्यावर, आणि तोही बँडच्या तालमीआधी. क्रम उलटला तर कान पियानोच्या गंधारावर बसतो. बंदिशीत बदल केले असतील तर कार्यक्रमपत्रिकेत ‘यमनवर आधारित’ असं लिहा आणि गुरुजींना ध्वनिमुद्रण आधी ऐकवा.

प्रश्न : कॅल्गरीत हिवाळ्यात तबल्याचा स्वर आपोआप चढतो, शाईलाही (मधल्या काळ्या लेपालाही) तडे जातात. उपाय?

उत्तर : हीटरमुळे हवा कोरडी पडते आणि चामडं आवळतं. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. चढलेला तबला गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) खालून वर हलके ठोके देऊन उतरवा; तेवढ्यानं भागलं नाही तर गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर सरकवा. गार गाडीतून आणल्यावर तासभर बंद पिशवीतच राहू द्या. तडा गेलेली शाई घरी बुजवू नका. पुडी (तोंडावरचं शाईसकट चामडं) बदलावी लागते, म्हणून भारतातून येताना आपल्या तबल्याच्या तोंडाच्या मापाची एक पुडी जास्तीची आणा.