रात्री गीझरचा पाइप फुटला तर?

प्रश्न: परवा रात्री बाथरूममधला गीझरचा पाइप फुटला, पाणी पार हॉलपर्यंत आलं आणि कॉक काही फिरेना. अशा वेळी आधी काय करायचं?

उत्तर: आधी लाइट! कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच पाडा, बोर्डापाशी पाणी असेल तर हात अजिबात लावू नका. मग कॉक. क्षार साचून तो जाम झालेला असतो, त्यामुळे पान्याने जोर लावलात तर मुळातूनच तुटेल, त्यापेक्षा सरळ गच्चीवर पळा आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नंतर घरातले नळ सोडून लाइनमधलं पाणी काढा. खालच्या मजल्यावरच्यांना लगेच सांगा हं, त्यांचं छत गळायला लागतं. आणि कॉक महिन्यातून एकदा तरी फिरवत जा.